टॅग लावलेला क्लोराइड चॅनेल: प्लाझ्मिडची नळी हातात आल्यापासून पहिला करंट दिसेपर्यंत

प्लाझ्मिडची, म्हणजे हवं ते जनुक वाहून नेणाऱ्या गोल डीएनएची, नळी हातात पडली की प्रयोगशाळेत नवीन आलेल्याचा पहिला प्रश्न असतो, "ट्रान्स्फेक्शन कधी करायचं?" ट्रान्स्फेक्शन म्हणजे डीएनए पेशींत घालणं. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी नकाशा वाच, मग पेशींकडे जा. सस्तन पेशींमध्ये टॅग लावलेला क्लोराइड चॅनेल व्यक्त करायचा म्हणजे त्या गोल नकाशावरच्या प्रत्येक तुकड्याबद्दल कुणीतरी काहीतरी निर्णय घेतलेला असतो. तो निर्णय तुमच्या प्रयोगाला चालणारा आहे का, हे तुम्हालाच बघावं लागतं. चॅनेलवर लावलेला टॅग, म्हणजे ओळखीसाठी जोडलेला प्रथिनाचा तुकडा, ही सोय आहे, पण त्या सोयीपायी चॅनेलच बिघडला तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं.

पायरी १: आपला चॅनेल कोणत्या घराण्यातला आहे ते ओळखा

"क्लोराइड चॅनेल" म्हणजे पेशीपटलातून क्लोराइड जाऊ देणारं प्रथिन, पण हे एका कुटुंबाचं नाव नाही. सीएफटीआर हा १,४८० अमिनो आम्लांचा चॅनेल. त्याचं जनुक १९८९ मध्ये सापडलं आणि ते बिघडलं की सिस्टिक फायब्रोसिस होतो. सीएलसी घराण्यातला पहिला चॅनेल १९९० मध्ये टॉर्पेडो या विद्युत-माशातून क्लोन झाला. याच घराण्यातला सीएलसी-१ आपल्या स्नायूंमध्ये असतो आणि त्यातल्या दोषाने मायोटोनिया (स्नायू लवकर सैल न होणं) होतो. कॅल्शियमने उघडणारा टीएमईएम१६ए २००८ मध्ये ओळखला गेला. पेशी फुगल्यावर उघडणाऱ्या चॅनेलचा मुख्य घटक एलआरआरसी८ए हा २०१४ मधला. याशिवाय चेतापेशींवरचे ग्लायसीन आणि गाबा-ए रिसेप्टर आहेत. तेही क्लोराइडच सोडतात.

हा इतिहास इथे सांगण्याचं कारण म्हणजे प्रत्येक घराण्याची पेशीपटलातली बैठक वेगळी आहे. सीएलसी, सीएफटीआर आणि टीएमईएम१६ए यांची दोन्ही टोकं, म्हणजे सुरुवातीचं एन-टोक आणि शेवटचं सी-टोक, पेशीच्या आत असतात. ग्लायसीन आणि गाबा-ए रिसेप्टरचं एन-टोक बाहेर असतं आणि त्याच्या सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाला पटलाकडे नेणारा तुकडा, असतो. तो पुढे कापून टाकला जातो. त्याच्याही आधी टॅग लावलात तर टॅग त्याच्याबरोबर कचऱ्यात जाईल. अशा रिसेप्टरमध्ये टॅगची जागा सिग्नल पेप्टाइड कापला जातो त्या बिंदूच्या नंतर.

आणखी एक गोष्ट आधीच बघून घ्या: चॅनेलला जोडीदार लागतो का? सीएलसी-के चॅनेलला बार्टिन नावाचं उपप्रथिन लागतं, सीएलसी-७ ला ओएसटीएम१ लागतं. जोडीदाराशिवाय सीएलसी-के व्यक्त केलात तर करंट जवळजवळ दिसणार नाही आणि दोष विनाकारण टॅगवर जाईल. सीएलसी-३ ते सीएलसी-७ तर काटेकोर अर्थाने चॅनेलच नाहीत. ते दोन क्लोराइडच्या बदल्यात एक प्रोटॉन हलवणारे अदलाबदल करणारे प्रथिन आहेत. नाव चॅनेलचं असलं तरी त्यांच्याकडून चॅनेलसारख्या वागणुकीची अपेक्षा ठेवू नका.

पायरी २: टॅग कोणता आणि कुठे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टॅग कशासाठी हवाय, याचं उत्तर एका वाक्यात लिहून काढा. वेस्टर्नवर (प्रथिनं जेलवर वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीत) बँड बघायचाय? जिवंत पेशीत चॅनेल कुठे बसलाय ते बघायचंय? की फक्त कोणत्या पेशीत डीएनए गेलाय एवढंच कळायला हवंय? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत.

नुसता बँड हवा असेल तर छोटा टॅग घ्या. फ्लॅग ८ अमिनो आम्लांचा, एचए ९ चा, मिक १० चा. यांच्या अँटिबॉडी चांगल्या असतात आणि ते चॅनेलच्या फारसे आड येत नाहीत. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) २३८ अमिनो आम्लांचा, म्हणजे साधारण २७ किलोडाल्टनचा पिंप आहे. तो लावल्यावर चॅनेल चालतच नाही असं नाही, एन-टोकाला जीएफपी लावलेला सीएफटीआर व्यवस्थित काम करतो. पण तो चालतो हे दाखवून देणं ही तुमची जबाबदारी होते.

कोणत्या टोकाला? सीएफटीआरच्या सी-टोकाचे शेवटचे चार अमिनो आम्ल पीडीझेड प्रकारच्या प्रथिनांना धरतात. तिथे टॅग चिकटवला की ती पकड झाकली जाते. चॅनेलचा जोडीदारांशी असलेला संबंध अभ्यासायचा असेल तर ते टोक मोकळंच ठेवावं. सीएलसी चॅनेलच्या सी-टोकाकडे सीबीएस नावाचे दोन मोठे भाग असतात. त्यांना लागून लगेच टॅग न लावता मध्ये ग्लायसीन आणि सेरीनचा लवचिक दुवा ठेवणं शहाणपणाचं.

चॅनेल खरोखर पेशीच्या पृष्ठभागावर पोचलाय का, हा प्रश्न असेल तर टॅग बाहेरच्या वळशात घालतात. सीएफटीआरच्या चौथ्या बाह्य वळशात एचए टॅग घातलेली रूपं बरीच वापरली जातात. पेशीला छिद्रं न पाडता, जिवंत असतानाच अँटिबॉडी लावली की जे चमकेल ते नक्की पृष्ठभागावरचंच.

एक सावधगिरी मात्र ठळक लिहितो. क्लोराइड चॅनेलला पिवळा चमकणारा वायएफपी टॅग लावू नका, निदान विचार केल्याशिवाय नको. वायएफपीची चमक क्लोराइड आणि आम्लता दोन्हींमुळे कमी होते. म्हणजे चॅनेल उघडला आणि आत क्लोराइड आलं की टॅगच मंद होईल, आणि तुम्हाला वाटेल की प्रथिन कमी झालं. याच गुणाचा उलट उपयोग करून वायएफपीची बदललेली रूपं स्वतंत्र संवेदक म्हणून वापरतात: बाहेरून आयोडाइड टाकायचं, चॅनेल उघडा असेल तर ते आत शिरतं आणि चमक झपाट्याने विझते. संवेदक म्हणून उत्तम, टॅग म्हणून गोंधळाचा.

आणि कोणत्या पेशीत डीएनए गेलाय एवढंच बघायचं असेल तर चॅनेलला मुळीच हात लावू नका. चमकणारं प्रथिन आणि चॅनेल यांच्यामध्ये पी२ए हा तुकडा ठेवा. भाषांतर होतानाच दोन वेगळी प्रथिनं तयार होतात. फक्त क्रम नीट ठरवा: पी२एच्या आधीच्या प्रथिनाच्या शेपटीला वीसेक अमिनो आम्लं चिकटून राहतात, नंतरच्याला सुरुवातीला फक्त एक प्रोलीन मिळतो. चॅनेलचं सी-टोक मोकळं हवं असेल तर चमकणारं प्रथिन आधी, चॅनेल नंतर.

पायरी ३: नकाशा वाचा, बोट ठेवून

प्रमोटरपासून (जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं त्या भागापासून) सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जा. बहुतेक वेळा सीएमव्ही प्रमोटर दिसेल. तो जोरकस असतो, एचईके२९३ या मानवी मूत्रपिंडापासून बनवलेल्या पेशीत भरपूर प्रथिन बनवतो. मग कोझॅक क्रम, म्हणजे रायबोसोमला सुरुवात दाखवणारी अक्षरं: सुरुवातीच्या एटीजीच्या आधी जीसीसीएसीसी आहे का बघा. मग चॅनेल, टॅग, स्टॉप कोडॉन (भाषांतर थांबवणारी तीन अक्षरं), पॉलिए संकेत. दुसऱ्या बाजूला बॅक्टेरियासाठी अँपिसिलिनचा प्रतिकार आणि सस्तन पेशींसाठी बहुधा निओमायसिनचा, म्हणजे स्थिर पेशी निवडायला जी४१८ हे औषध वापरता येतं.

सी-टोकाला टॅग असेल तर चॅनेलचा स्वतःचा स्टॉप कोडॉन काढलेला असायलाच हवा. माझ्या पहिल्या बांधणीत तो राहून गेला होता. पॅच क्लँपवर (पेशीचा विद्युतप्रवाह मोजण्याच्या पद्धतीत) करंट सुरेख येत होता, आणि वेस्टर्नची पट्टी दर वेळी कोरी. मी दोन वेगवेगळ्या अँटिबॉडी आणल्या, ट्रान्स्फरचा वेळ बदलला, जेल बदललं. तीन आठवड्यांनी संगणकावर क्रम उघडून चॅनेलच्या शेवटाकडे गेलो, तर टॅगच्या बारा बेस आधी टीएए उभा होता. चॅनेल पूर्ण बनत होता, टॅगपर्यंत रायबोसोम पोचतच नव्हता.

एन-टोकाच्या टॅगमध्ये उलटी अडचण. टॅगच्या आधी नवीन एटीजी असतो, पण चॅनेलचा जुना एटीजी तसाच राहिला तर काही रायबोसोम तिथून सुरुवात करतात आणि बिनटॅगचा चॅनेलही बनतो. तो काढून टाकणं सोपं आहे, बांधणी करतानाच काढा.

वाचनचौकटही, म्हणजे तीन-तीन अक्षरांची मोजणी कुठून सुरू होते तेही, बघा. काही वेक्टर (ज्यांत जनुक बसवतात ती रिकामी प्लाझ्मिडं) ए, बी आणि सी अशा तीन रूपांत मिळतात आणि त्यांच्यात फरक असतो तो फक्त चौकटीच्या सरकण्याचा. चुकीचं रूप उचललं तर टॅगच्या जागी निरर्थक अमिनो आम्लं येतात. म्हणून पूर्ण क्रम भाषांतर करून पाहा आणि टॅगची अक्षरं डोळ्यांनी वाचा. एचए असेल तर वाय-पी-वाय-डी-व्ही-पी-डी-वाय-ए हे सलग दिसलंच पाहिजे.

पायरी ४: बॅक्टेरियात वाढवणं

बहुतेक प्लाझ्मिडसाठी हे काम यांत्रिक असतं. सीएफटीआरसारख्या चॅनेलसाठी नसतं. सीएफटीआरचा सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली जनुकाची प्रत) ई. कोलाय या बॅक्टेरियात अस्थिर असतो, कारण त्याच्या पोटात एक असा भाग आहे जो बॅक्टेरियात प्रमोटरसारखा वागतो आणि जे प्रथिन थोडंफार बनतं ते बॅक्टेरियाला सोसत नाही. मग बॅक्टेरिया तुकडे गाळतो, उलटवतो, मधेच काहीतरी घुसवतो. हा त्रास लोकांना १९९० पासून माहीत आहे.

उपाय सोपे आहेत आणि पाळले तर चालतात. रीकॉम्बिनेशन न करणारी जात घ्या, उदाहरणार्थ स्टेबल-३. प्लेट आणि कल्चर ३७ ऐवजी ३० अंशांवर वाढवा. वेळ जास्त लागतो, लागू द्या. आणि दुसऱ्या दिवशी प्लेट उघडल्यावर नवख्याचा हात आपोआप मोठ्या, टपोऱ्या कॉलनीकडे जातो, तिथे थांबा. विषारी सीडीएनएच्या बाबतीत मोठी कॉलनी बहुतेकदा तीच असते जिने चॅनेल मोडून टाकलाय, म्हणूनच ती आनंदाने वाढलीय. छोट्या, उशिरा आलेल्या चार-पाच कॉलनी उचला.

अॅडजीनसारख्या संस्थेकडून प्लाझ्मिड आलं असेल तर ते बहुधा अगारमध्ये टोचलेल्या जिवंत बॅक्टेरियाच्या रूपात येतं. त्यातून थेट मोठं कल्चर लावू नका. आधी प्लेटवर रेघोट्या ओढा, एकेकटी कॉलनी उचला, तिचा मिनिप्रेप करा (म्हणजे थोडा डीएनए काढा), तपासा, आणि मगच जास्त डीएनएसाठी मिडिप्रेप. सस्तन पेशींसाठी एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं विष) काढलेला प्रेप घ्यावा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० चं गुणोत्तर १.८ ते २.० आणि २६०/२३० साधारण २ च्या आसपास हवं.

पायरी ५: तपासणी, दोनदा

पहिली तपासणी ठराविक अक्षरांवर डीएनए कापणाऱ्या रिस्ट्रिक्शन एन्झाइमने. वेक्टरमध्ये एकदा आणि चॅनेलमध्ये एकदा कापणारी जोडी निवडा. ५.४ किलोबेसच्या वेक्टरमध्ये ४.४ किलोबेसचा सीएफटीआर असेल तर सगळ्या तुकड्यांची बेरीज ९.८ च्या जवळ यायला हवी. एखादं एन्झाइम कापायला हवं तिथे कापत नसेल तर लगेच प्लाझ्मिडला दोष देऊ नका. एक्सबा-वनच्या जागेला लागून जीएटीसी क्रम तयार झाला तर साध्या ई. कोलायमधलं मिथिलेशन त्याला अडवतं.

दुसरी तपासणी सीक्वेन्सिंगने, आणि ती पूर्ण चॅनेलची. फक्त जोडांची करून भागत नाही. सँगर पद्धतीत एका प्रायमरमधून सातशे-आठशे बेस भरवशाचे मिळतात आणि सुरुवातीचे तीसेक बेस वाचता येत नाहीत, त्यामुळे एवढ्या मोठ्या चॅनेलला सहा-सात प्रायमर लागतात. आता नॅनोपोरवर पूर्ण प्लाझ्मिड एका झटक्यात वाचून मिळतं. परवडत असेल तर तेच करा, कारण बॅक्टेरियाने मधेच घुसवलेला तुकडाही त्यात दिसतो.

संदर्भ क्रमाशी एखादं अक्षर जुळलं नाही तर घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. सीएफटीआरमध्ये ४७० व्या जागी मेथिओनीन आणि व्हॅलीन ही दोन्ही रूपं माणसांमध्ये सर्रास आढळतात. तो दोष नसून वैविध्य आहे. मात्र दोन प्लाझ्मिडची तुलना करणार असाल तर दोन्हींत ४७० ला एकच अक्षर हवं.

पायरी ६: ट्रान्स्फेक्शन

इथे फार लिहिण्यासारखं नाही. सहा खणांच्या प्लेटमध्ये एका खणाला १ ते २.५ मायक्रोग्रॅम डीएनए, पेशी साधारण ७० टक्के भरलेल्या, २४ ते ४८ तासांनी प्रयोग. दहा किलोबेसच्या आसपासचं प्लाझ्मिड छोट्या प्लाझ्मिडपेक्षा कमी पेशींत जातं हे गृहीत धरा.

पण तीन कंट्रोल पहिल्या दिवसापासून लावा: रिकामा वेक्टर, बिनटॅगचा चॅनेल, आणि शक्य असेल तर छिद्र बंद पाडलेलं उत्परिवर्तित रूप. बिनटॅगचा चॅनेल "नंतर करू" म्हणून बाजूला ठेवला जातो आणि नंतर कधीच होत नाही. त्याच्याशिवाय टॅगबद्दल तुम्ही काहीच बोलू शकत नाही.

पायरी ७: वेस्टर्न, आणि नमुना उकळू नका

हे वाक्य मी फ्रीजरच्या दारावर चिकटवलंय. साध्या प्रथिनांसाठी ९५ अंशांवर पाच मिनिटं उकळायची सवय हाताला लागलेली असते. पटल अनेकदा ओलांडणारा चॅनेल उकळला की त्याचे पाणी टाळणारे भाग एकमेकांना चिकटतात आणि गोळा होतो. तो गोळा जेलमध्ये शिरतच नाही: विहिरीच्या तोंडाशी काळा डाग, खाली धूसर फराटा, आणि अपेक्षित जागी काही नाही. त्याच लायसेटचा (फोडलेल्या पेशींच्या द्रावणाचा) दुसरा भाग ३७ अंशांवर २० ते ३० मिनिटं ठेवून चालवा, बँड जागेवर येतो. नव्या माणसाला मी दोन्ही नमुने शेजारी शेजारी चालवायला लावतो. एकदा बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

सीएफटीआरमध्ये दोन बँड दिसले तर आनंद माना. खालचा, १४० ते १५० किलोडाल्टनच्या आसपासचा, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्येच असलेला अर्धवट साखर चढलेला चॅनेल. वरचा, १७० च्या आसपासचा पसरट बँड म्हणजे गॉल्जीतून जाऊन पूर्ण साखर चढलेला. एफ५०८डेल या सिस्टिक फायब्रोसिस घडवणाऱ्या रूपात जवळजवळ फक्त खालचा दिसतो. तुमच्या टॅग लावलेल्या निरोगी चॅनेलमध्येही वरचा बँड गायब असेल तर टॅगने घडी बिघडवली अशी शंका घ्या. खात्री करायची असेल तर अर्धवट चढलेली साखर कापणारं एंडो-एच हे एन्झाइम लावा: खालचा बँड सरकतो, वरचा जागचा हलत नाही.

जीएफपी लावला असेल तर बँड २७ किलोडाल्टनने वर जायला हवा. जीएफपीची अँटिबॉडी लावल्यावर नुसता २७ वर बँड दिसला तर टॅग चॅनेलपासून तुटलाय. मायक्रोस्कोपखाली तुम्हाला जे हिरवं दिसतंय ते चॅनेल नाही.

पायरी ८: करंट

शेवटी चॅनेल क्लोराइड सोडतो का? एचईके पेशींत स्वतःचाच, फुगल्यावर उघडणारा क्लोराइड करंट असतो, आणि नवखा माणूस तोच आपला समजतो. पिपेटमधलं द्रावण बाहेरच्यापेक्षा जास्त ऑस्मोलॅरिटीचं (विरघळलेले कण जास्त असलेलं) असेल तर पेशी फुगते आणि काही मिनिटांत हळूहळू चढत जाणारा करंट येतो. धन बाजूला तो जास्त वाहतो, आणि खूप धन व्होल्टेजवर क्षणाक्षणाला ढासळतो. म्हणून आतलं द्रावण बाहेरच्यापेक्षा १० ते २० मिलिऑस्मोलने कमी ठेवा. शंका आली तर बाहेर मॅनिटॉल घाला. फुगवट्याचा करंट ओसरेल.

आपला करंट आपलाच आहे हे दाखवायला चॅनेलची सवय वापरा. सीएफटीआर फोर्स्कोलिन या रसायनाने उघडतो, पिपेटमध्ये एटीपी असावा लागतो, आणि दोन्ही बाजूंना क्लोराइड सारखं असेल तर करंट-व्होल्टेजची रेषा जवळजवळ सरळ येते. सीएफटीआर-इनहिबिटर-१७२ ने तो बंद होतो. सीएलसी-१ ऋण व्होल्टेजवर हळूहळू मिटतो आणि ९-अँथ्रासीनकार्बोक्सिलिक आम्लाने अडतो.

तो क्लोराइडचाच आहे का, हे शून्यबिंदू, म्हणजे ज्या व्होल्टेजवर करंट शून्य होतो तो बिंदू, सांगतो. आत ४० आणि बाहेर १५० मिलिमोलर क्लोराइड असेल तर खोलीच्या तापमानाला करंट साधारण उणे ३३ मिलिव्होल्टवर शून्याला छेदायला हवा. बाहेरचं क्लोराइड बदलणार असाल तर चांदीची तार थेट द्रावणात बुडवू नका. तिचं स्वतःचं व्होल्टेज क्लोराइडबरोबर बदलतं. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचा अगार पूल वापरा.

करंट फार मोठा आला तर खूश होण्याआधी गुणाकार करा. मालिकेतला (पिपेट आणि पेशी यांच्यामधला) रोध ५ मेगाओहम आणि करंट ५ नॅनोअँपिअर असेल तर २५ मिलिव्होल्टची चूक झाली. एचईके२९३टी पेशीत, एसव्ही४० विषाणूचा ओरिजिन (डीएनएच्या प्रती जिथून सुरू होतात तो भाग) असलेल्या प्लाझ्मिडने हे सहज होतं. डीएनए अर्ध्यावर, गरज पडली तर दहाव्या भागावर आणा.

मग त्याच दिवशी, त्याच द्रावणात, बिनटॅगच्या चॅनेलचीही तितकीच मोजमापं घ्या. दोन्हींच्या करंट-व्होल्टेज रेषा एकमेकींवर ठेवा. उंची थोडी कमीजास्त असेल, तिचा ताण घेऊ नका. आकार, उघडण्याचा वेग आणि शून्यबिंदू जुळायला हवेत. ते जुळले की ज्या कॉलनीतून हे प्लाझ्मिड आलं तिचा ग्लिसेरॉल स्टॉक त्याच आठवड्यात उणे ८० ला ठेवा. नळीवर नाव, टॅगची जागा, सीक्वेन्सिंगची तारीख आणि "३० अंशांवर वाढवा" एवढं लिहा.